हौसाबाईचा एकच उखाणा

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तुमच्या या सदरात लोक लिहितात... कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाला विहिरीतून हाक आली... मी वाचते आणि पान उलटते. कारण ज्या बाईने मला माणसांत आणलं तिने पहिल्याच महिन्यात माझ्या डोक्यातली ही सगळी जळमटं झाडून काढली होती. दवाखान्यात कुणी "पोरीला लागीर झालंय" म्हणत आलं की ती म्हणायची, "लागीर आहे ना? मग आधी त्याला जीभ दाखवायला सांगा." आणि कुनैनची गोळी द्यायची. ताप उतरला की लागीरही उतरायचं.

तरी लिहायला बसले आहे. कारण हे ऐकीव नाही. माझ्या हाताने लिहिलेलं आणि माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. माझी शाळा पाचवीत सुटली, तेव्हा शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं.

जागा — पौड, तालुका मुळशी. काळ — महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाचा. आज पुण्याहून निघालात तर इमारती संपतच नाहीत; तेव्हा बावधन मागे पडलं की दोन्ही बाजूंना माळ, आणि मग घाटाची हवा लागायची.

मी मूळची वाशीमकडची. आईच्या पोटात गाठ झाली म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून तिला घेऊन पुण्याच्या सरकारी दवाखान्यात आले होते. आई तिथेच गेली. गावाकडे काका होते, त्यांना पत्र टाकलं, पण उत्तर येईना. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहायचे, कारण दुसरीकडे कुठे बसायचं ते कळत नव्हतं. पौडहून एक पेशंट घेऊन सिस्टर तिथे आल्या होत्या. उंच, सावळ्या, पांढरं पातळ, पायात पुरुषी बूट. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"लिहिता येतं?"

"येतं."

"भाकरी?"

"येते."

"रडत रडत काम करता येतं?"

मी म्हटलं, शिकेन. त्यांनी माझी पिशवी उचलली आणि चालायला लागल्या. मी मागोमाग.

सगळं पौड त्यांना सिस्टर म्हणायचं, म्हणून मीही सिस्टरच म्हणत आले. त्या नगरकडच्या ख्रिस्ती. पौडला एक धर्मादाय दवाखाना होता, तो त्या चालवायच्या. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मला त्यांनी पट्टी बांधायला शिकवलं, थर्मामीटर वाचायला शिकवलं. खरं सांगते, मी कायम घाबरलेली असायचे. काही चुकलं तर या मला परत पाठवतील, आणि परत कुठे, तेच ठाऊक नव्हतं. कड्या तपासायच्या, दिवा विझवला का ते पुन्हा उठून बघायचं, लिहिलेलं दहादा वाचायचं... ही सवय तेव्हापासूनची, अजून गेलेली नाही.

गावातल्या बायकांनी माझं नाव काऊनबाय ठेवलं होतं. आमच्याकडे 'का' ला 'काऊन' म्हणतात, आणि माझं काम होतं घरोघर जाऊन प्रश्न विचारण्याचं. मी दिसले की म्हणायच्या, "आली काऊनबाय, आता दादल्याला तूप आवडायचं का त्याल त्ये इचारंल."

ते काम काय होतं ते सांगते. महायुद्धात सिस्टर लष्करी दवाखान्यात नर्स होत्या, इटलीत. त्यांच्या वॉर्डात आपल्या पलटणींतली पोरं यायची, त्यात मावळातली पुष्कळ. काही बरी होऊन गेली, काही तिथेच राहिली. तिथल्या दफनभूमीत त्यांचे दगड आहेत. सिस्टर म्हणायच्या, "दगडावर नाव, नंबर आणि पलटण. त्यात माणूस कुठाय?" नोकरी संपल्यावर त्यांनी मुद्दाम मुळशीत काम मागून घेतलं होतं. त्या पोरांची घरं शोधायची, तो कसा होता ते विचारायचं — कशाला भ्यायचा, कुणाशी भांडायचा, पोहायला कुठे शिकला. आणि आपल्याजवळ जे असेल ते घरच्यांना द्यायचं — कुठे पुरलंय, शेवटी काय बोलला. सगळ्यांचं मिळून एक छोटं पुस्तक करायचं त्यांच्या मनात होतं. बोटं आखडल्यामुळे त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून लिहिणारी मी.

यात सगळ्यात मोठी अडचण नावाची. साहेबांनी आपल्या कानाला येईल तसं नाव लिहिलेलं, त्यामुळे घरी खातरी करावी लागायची. आणि बायको तर नवऱ्याचं नाव घेणार नाही! एक बाई तर आयुष्यभर गुळाला 'गोड' म्हणत आली होती, का तर नवऱ्याचं नाव गुळाजी. मग सिस्टरांनी युक्ती काढली. नाव विचारायचं नाही, उखाणा मागायचा. विधवा बाई उखाणा घेत नाही, तिथे सासू नाहीतर नणंद नाव सांगायची. पण ज्यांना सरकारचं पक्कं काही कळलंच नव्हतं, अशा बायका अजून कुंकू लावत होत्या. त्या लाजत, हसत नाव घ्यायच्या. तेवढ्या वेळापुरतं मला फार वाईट वाटायचं.

तर अशी बरीच घरं झाली. राहिला एक कोंडिबा.

त्याच्या दगडावर नाव कोंडिबा मारुती एवढंच होतं, आडनाव नाही, आणि पलटणीच्या कागदावर गावाचं नाव होतं ते गाव आता नाहीच. मुळशीचं धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. कोंडिबा तेव्हा रांगत असेल नसेल. पण भरतीच्या वेळी साहेबाने "गाव?" विचारलं तर त्याने तेच सांगितलं. त्यात त्याची चूक नाही. धरणात गेलेल्या गावातली माणसं आजही गाव विचारलं की पाण्यातलंच नाव सांगतात. जिथे राहतात त्याला 'हितं' म्हणतात, गाव म्हणत नाहीत. सरकारची तार त्या नावावर निघाली असेल तर ती कुठे पोचणार?

त्यातून आणखी घोळ असा की त्याच गावातून उठलेली दोन घरं निघाली, आणि दोन्ही घरांतला कोंडिबा मारुती लढाईवर गेलेला. गावदेवावरून नाव ठेवलेलं, बापांची नावंही एकच. एक घर भरे गावात वसलं होतं, दुसरं तळ्याच्या पलीकडच्या अंगाला एका वाडीत. (वाडीचं नाव मुद्दाम देत नाही, त्या घरची माणसं आहेत.) दोघेही परतले नव्हते. दगड एकच. नंबर ताडून बघावा तर एका घरचे कागद आगीत गेले, दुसऱ्याचे वाळवीने खाल्ले. म्हणजे एक मेला हे नक्की. दुसरा जिवंतही असू शकत होता.

नेमकी तेव्हाच सिस्टरांना धाप लागायला लागली. पुण्याच्या डॉक्टरांनी चढण बंद केली, जिनासुद्धा नको म्हणाले. त्या मला म्हणाल्या, "सुमन, हे घर तुलाच करावं लागणार. मला फार दिवस नाहीत, हे तू पण बघतेस. त्याचं माझ्याकडे एक राहिलंय, ते योग्य बाईच्या हातात पडलं पाहिजे."

मी विचारलं, काय राहिलंय?

"ते तुला सांगणार नाही. तुला ठाऊक असलं की तू तसंच विचारशील, आणि तुझ्या तोंडाकडे बघून त्या 'व्हय' म्हणतील. बिचाऱ्या कशालाही व्हय म्हणतील. तू फक्त नेहमीसारखं विचार, आणि ऐकशील ते शब्दाला शब्द लिहून आण. त्यांचा शब्द सुधारू नकोस." मग म्हणाल्या, "जिवंत माणसाच्या बायकोचं कुंकू माझ्या हातून पुसलं गेलं, तर मी वर काय तोंड दाखवू?"

मला ती रात्रभर झोप नाही. एवढी मोठी गोष्ट आणि पाचवी शिकलेली मी.

भरे जवळच. तिथली पार्वतीबाई अंगणात मिरच्या निवडत होती आणि सासू ओसरीवरून तिच्या निवडण्यावर लक्ष ठेवून होती. मी कोंडिबाचं काढलं तशी सासू ठसक्यात म्हणाली, तो मेलाबिला न्हाई, मुंबईत हाय, गोदीत आमच्या पावण्यानं पाह्यला.

"पाठमोरा पाह्यला," पार्वतीबाई मान वर न करता म्हणाली.

"मग? माज्या पोराची पाठ मी वळखत न्हाई व्हय?"

"पाठ पावण्यानं पाह्यली, आत्या. तुमी न्हाई."

हे भांडण त्या घरात रोजचं असावं. दोघींनाही पुढचं वाक्य पाठ होतं. मी जेवढं मिळालं तेवढं लिहिलं. कोंडिबा कुस्ती खेळायचा, पोहायचा नाही, पाण्याला भ्यायचा. मग मी उखाणा मागितला. पार्वतीबाईने सासूकडे तिरकं बघितलं आणि म्हणाली —

"पिरंगुटच्या बाजारात मिरची झाली म्हाग,
कोंडिबाचं नाव घेते, सासूबाईला आला राग."

सासूसुद्धा हसली. निघताना पार्वतीबाई माझ्याबरोबर वेशीपर्यंत आली आणि हळूच विचारलं, सिस्टरनी तो पाहिलाय का, त्याच्या कानाची पाळी फाटलेली होती का. मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं. ती नुसती मान हलवून परत गेली.

वाडीला जायला एसटीने तळ्याच्या कडेपर्यंत जायचं आणि मग उतरायचं. मे महिना होता. पाणी खूप खाली गेलेलं. भेगाळलेला गाळ, त्यात कुणाच्या तरी घराची जोती दिसत होती. मला उन्हाने गरगरत होतं, आणि मनात एकच — काही विसरू नको, शब्दाला शब्द.

हौसाबाई खळ्यावर हिरडा वाळत घालत होती. बारीक, उन्हाने रापलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. बोलणं कमी. बोलायचं खातं धाकट्या जावेकडे, ठकूबाईकडे होतं.

"कोन गं तू? सरकारची का?"

मी म्हटलं, पौडच्या दवाखान्याची.

"मग सुई आनली असशील. ही बघ माजी जाऊ, हिला बोलायची सुई दे. चार दिसात चार शबुद बोलती."

हौसाबाई हसली. मला पाणी दिलं, सावलीत बसवलं. मी विचारत गेले, ती तुटक तुटक सांगत गेली. कोंडिबा बासरी वाजवायचा, वाईट वाजवायचा. तिला घरात सगळ्यांदेखत हाक मारायची लाज वाटायची म्हणून दारात येऊन खोकायचा. गाव कुठलं सांगायचा, असं विचारलं तर तिने हनुवटीने पाण्याकडे दाखवलं. "त्ये. दुसरं कुटलं."

सैन्यातून काही कळलं का? न्हाई. कुणी त्याच्याबरोबरचं आलं का भेटायला? न्हाई. वाडीतून दुसरं कुणी गेलं होतं का लढाईवर? ठकूबाई म्हणाली, "हितून येकच गेला. बाकीचे शेरडं राखाय बरे."

मग मी म्हटलं, मावशी, नाव घ्या की.

ठकूबाईने कपाळावर हात मारला. "तिला नगं सांगू बाय. तिचा येकच उखाना हाय. हळदीलाबी त्योच, बारशालाबी त्योच. ना त्याला आगा ना पिछा. ऐकून ऐकून पोरी हसत्यात."

"असू दे," मी म्हटलं, "मला तोच हवा."

हौसाबाईने पदर सारखा केला. हातातला हिरडा खाली ठेवला. नजर माझ्याकडे नव्हती, कुठे होती तेही नीट सांगता येणार नाही. लहान पोर पाठ केलेलं म्हणतं तशा एका सुरात म्हणाली —

"हात तुटकी देवी, म्होरं लिंबोणीची रांग,
कोंडिबाचं नाव घेते, वाट किती सांग."

मी लिहीत होते. आणि त्याच वेळी मला कार्बोलिकचा वास आला. दवाखान्यात फरशी पुसल्यावर येतो तो. उघड्या खळ्यावर, भर उन्हात, हिरड्याच्या तुरट वासातून. मी आपली स्वतःच्या पदराचा वास घेऊन बघितला. पदराला घामाचा वास होता. पण पिशवीत दवाखान्यातलं फडकं होतं, त्याचाही असेल. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण उगाच वाढवून सांगायचं नाही.

विचारलं, ही हात तुटकी देवी कुठली? तुमच्या गावदेवीचा हात तुटलाय का?

"न्हाई. आमची देवी तांदळा हाय," हौसाबाई म्हणाली. म्हणजे नुसती शेंदूर लावलेली शिळा, तिला हातच नाहीत. आणि लिंबोणीची रांग? ठकूबाई फिसकन हसली. "या पावसात लिंबोनी जगती व्हय? येक लावल्याली, ती बी कुजली."

"मग हा उखाणा काऊन... म्हणजे, आला कुठून?"

'काऊन' ऐकून दोघी हसल्या. मग ठकूबाईने सांगितलं. तिचं स्वतःचं लग्न होऊन ती या घरात आली तेव्हाची गोष्ट. लढाई चालू होती. तुळशीचं लग्न लागून गेल्यावर थंडीत तिचं लग्न झालं. नवी नवरी उंबऱ्यावर उभी, आणि घरातली थोरली सून म्हणून हौसाबाईला आधी नाव घ्यायला सांगितलं. तोवर हौसाबाईला चांगले आठ-दहा उखाणे येत होते. "अन् हिनं ह्यो काडला. समदी हसाय लागली. मला वाटलं मलाच हसत्यात. मी बसले रडत."

"आलं तोंडात," हौसाबाई एवढंच म्हणाली. "त्येच्यानंतर दुसरा येतच न्हाई. जुनंबी आठवत न्हाईत."

परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. सिस्टर उशांना टेकून बसल्या होत्या. हातपाय धुऊ दिले नाहीत, आधी वाच म्हणाल्या. मी भऱ्याचं वाचलं. मिरचीच्या उखाण्याला त्या हसल्या, आणि हसल्यामुळे धाप लागली. पार्वतीबाईने विचारलेलं कानाच्या पाळीचं सांगितलं तर म्हणाल्या, "त्याच्या डोक्याला पट्ट्या होत्या गं. कान मी पाहिलेच नाहीत."

मग वाडीचं. बासरी, खोकणं, पाण्यातलं गाव. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मी उखाण्यावर आले. "हात तुटकी देवी," एवढं वाचलं आणि अडखळले. चालत्या एसटीत मी अक्षर पुन्हा गिरवलं होतं आणि तिथे शाईचा डाग पडला होता. मी वही दिव्याजवळ नेली.

"म्होरं लिंबोणीची रांग," सिस्टर म्हणाल्या.

त्या 'म्होरं' म्हणाल्या. आयुष्यात कधी 'पुढे' सोडून दुसरा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. त्यांचे डोळे तसेच मिटलेले. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल तर — मी काहीतरी चुकले, आता या रागावतील.

त्या रागावल्या नाहीत. डोळे न उघडता सांगायला लागल्या. तिकडे त्यांचा दवाखाना नन्सच्या एका शाळेत होता. अंगणात मेरीचा दगडी पुतळा, तोफगोळ्याने त्याचा एक हात गेलेला. त्याच्यापुढे लिंबांची झाडं, ओळीने, थंडीत फळांनी लगडलेली. कोंडिबाची खाट खिडकीशी होती. डोक्याला मार होता. तो झोपू नये, बोलत राहावा म्हणून सिस्टर त्याची थट्टा करत होत्या — बायकोचं नाव सांग. तो लाजला. मग त्या म्हणाल्या, उखाण्यात घे, लग्नात घेतलं असशीलच की. तो खिडकीतून बघत राहिला आणि ही ओळ म्हणाला. आपणच जुळवली म्हणून खूश झाला. "आणि पुढे?" तर म्हणाला, सांगतो, आधी पाणी दे सिस्टर, घसा वाळला. त्या पाणी आणायला गेल्या...

"आले तर नव्हता," सिस्टर म्हणाल्या. "नाव राहिलं. मी हे कुणाला सांगितलं नाही, सुमन. वॉर्डातल्या डॉक्टरला पण नाही. काय सांगायचं होतं त्यात? आता पुढची ओळ वाच."

मी वाचली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली.

त्यांना दुसऱ्याच दिवशी वाडीला जायचं होतं, डोलीतून न्या म्हणाल्या. मी पहिल्यांदाच त्यांना नाही म्हटलं. निरोप पाठवला आणि दोघी जावा बाजाराच्या दिवशी पौडला आल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकावर न बसता जमिनीवर बसल्या. सिस्टरही त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. सगळं सांगितलं. दगड कुठे आहे, कसा आहे. पुतळा, झाडं, खिडकी. अर्धी ओळ.

ठकूबाई, जी कधी गप्प बसत नसे, ती तोंडाला पदर लावून बसली होती. हौसाबाई ऐकत होती. रडली नाही. तिने एकच विचारलं की तिथली जमीन कशी आहे, पाणी धरून ठेवते का. सिस्टर म्हणाल्या, नाही, उताराची आहे, निचऱ्याची. त्यावर तिला बरं वाटलेलं दिसलं.

मग म्हणाली, "पानी मागितलं त्यानं."

"हो."

"कोन गेलं आनाय?"

"मी," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "मीच गेले होते, बाई. लगेच आले होते. तरी..."

हौसाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार, आणि ते सिस्टरांना सोसणार नाही. मी पुढे सरसावले.

"मंग आना की," हौसाबाई म्हणाली. "आत्ता आना."

मी उठायला लागले तशी सिस्टरांनी मला हाताने खाली बसवलं. भिंतीला धरून उठल्या. आत गेल्या, माठातून तांब्या भरला, धापा टाकत बाहेर आल्या. हौसाबाईने दोन्ही हातांनी तांब्या घेतला, वरून धरून सगळं पाणी प्यायली, थेंबही ठेवला नाही. पदराने तोंड पुसलं. आणि त्याच पदराचा तोच ओला कोपरा कपाळावरून फिरवला. कुणी तिला सांगितलं नाही, कुणी तिचा हात धरला नाही.

पार्वतीबाईला मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं की तो दगड तिच्या माणसाचा नाही. ती म्हणाली, "मंजे आजून पाठच बघायची." हसली की काय केलं ते कळलं नाही.

सिस्टर त्या पावसाळ्यातून काही निघाल्या नाहीत. पुस्तक झालं नाही. वह्या आहेत माझ्याजवळ.

मी या गोष्टीचा सगळ्या बाजूंनी विचार केला. शेजारच्या खाटेवरच्या कुणी ऐकलं असेल आणि घरी येऊन सांगितलं असेल? वाडीत तसं कुणी आलं नव्हतं, आणि हा उखाणा पहिल्यांदा निघाला ते ठकूबाईचं लग्न तर लढाई चालू असतानाच झालं. त्या लग्नाचा दिवस आणि कोंडिबा गेला तो दिवस मला जुळवता आला नाही. महिना जुळतो, एवढंच. सिस्टरांनीच तापात मला कधी ती ओळ ऐकवली असेल, आणि मी तीच लिहिली असेन? हाही विचार केला. पण ठकूबाई होती ना तिथे, आणि वाडीतल्या पोरींना तो उखाणा पाठ होता.

पुढे एकदा हौसाबाई हिरडा विकायला पौडला आली होती. मोकळं कपाळ. मला शब्दाला शब्द खातरी करायची होती, वहीवर तो डाग होता ना. विधवा बाईला उखाण्याचं विचारू नये हे मला कळत होतं, तरी विचारलं. म्हटलं नाव नका घेऊ, नुसती पहिली ओळ सांगा.

ती खरंच आठवत होती, मला दिसत होतं. ओठ हलवून बघितले. मग म्हणाली, "न्हाई गं येत. त्ये माजं नव्हतंच. ज्याचं त्याला गेलं."

आणि ओझं डोक्यावर घेऊन बाजाराकडे वळली. खरंच विसरली होती, की बोलायचं नव्हतं? मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येत नाही.